यूयूआयडी डुप्लिकेट दाखवतोय, सापडत नाहीये किंवा टेबल जड झालंय: तपासणी कुठून सुरू करायची

लक्षणं

यूयूआयडी म्हणजे रेकॉर्डला दिलेला, पुन्हा येऊ नये असा लांबलचक ओळखक्रमांक. त्याची तक्रार कुठल्याही प्रोजेक्टमधून येवो, ती साधारण या पाचांपैकी एका रूपात येते.

- इन्सर्ट करताना ‘डुप्लिकेट की’ची एरर, तीही यूयूआयडीच्या कॉलमवर.
- लॉगमध्ये आयडी दिसतो, तोच कॉपी करून क्वेरीत टाकला की शून्य रेकॉर्ड.
- ‘इनव्हॅलिड इनपुट सिंटॅक्स फॉर टाइप यूयूआयडी’ किंवा ‘ऑपरेटर डझ नॉट एक्झिस्ट: यूयूआयडी = कॅरेक्टर व्हेरिइंग’.
- एकाच रेकॉर्डचा आयडी दोन सिस्टिममध्ये शेवटाकडे सारखा, पण सुरुवातीला उलटापालटा.
- सुरुवातीला झटपट होणारे इन्सर्ट टेबल मोठं झाल्यावर रखडतात. सीपीयू मोकळा असतो, डिस्क मात्र कायम धापा टाकत असते.

पहिल्या लक्षणावर मीटिंगमध्ये हमखास कुणीतरी म्हणतं, ‘रँडम आहे, जुळला असेल योगायोगाने.’ तो योगायोग आधीच बाजूला काढू. यूयूआयडी १२८ बिटांचा असतो. चौथ्या, म्हणजे रँडम आवृत्तीत त्यातले ६ बिट ठरलेले आणि १२२ रँडम. नीट तयार केलेल्या अशा आयडींमध्ये एक तरी टक्कर होण्याची शक्यता ५० टक्क्यांवर जायला सुमारे २.७ अब्ज गुणिले एक अब्ज इतके आयडी लागतात. तुमच्या टेबलात काही कोटी ओळी असतील आणि तरी डुप्लिकेट आला असेल, तर दोष गणिताचा नाही. आयडी कुठेतरी दोनदा वापरला गेलाय, कापला गेलाय किंवा तयारच चुकीचा झालाय.

तपासणी संपेपर्यंत डुप्लिकेट ओळी डिलीट करू नका. दोष शोधायला तोच एक पुरावा असतो, आणि घाईघाईत नेमका तोच आधी उडवला जातो.

नुसतं डोळ्यांनी पाहा

याला पैसे लागत नाहीत, परवानगी लागत नाही. मजकुराच्या रूपात यूयूआयडीत ३२ हेक्स अक्षरं (० ते ९ आणि ए ते एफ) आणि ४ डॅश असतात, एकूण ३६. तिसऱ्या गटाचं पहिलं अक्षर म्हणजे आवृत्ती: ४ असेल तर रँडम, १ असेल तर वेळ आणि मशीनवर आधारलेला, ७ असेल तर वेळ आधी आणि रँडम नंतर. चौथ्या गटाचं पहिलं अक्षर ८, ९, ए किंवा बी यांपैकीच असायला हवं.

कॉलममधले वीस-पंचवीस आयडी एकाखाली एक लावा आणि फक्त या दोन जागा वाचा. सगळीकडे ४ आणि मध्येच काही ओळींत भलतंच अक्षर दिसलं, तर त्या ओळी दुसऱ्या वाटेने आल्यात. एखादी जुनी स्क्रिप्ट, दुसरा सर्व्हर, हाताने भरलेला डेटा, काहीही असू शकतं. मायएसक्यूएलचं यूयूआयडी() हे फंक्शन पहिल्या आवृत्तीचे आयडी देतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात नसतं. ‘रँडम’ समजून वापरलेल्या त्या आयडीत तयार झाल्याची वेळ असते, आणि लिनक्स किंवा विंडोजवर सर्व्हरचा मॅक ॲड्रेसही.

संपूर्ण शून्यांचा आयडी दिसला तर शोध तिथेच संपला. सी-शार्पमध्ये (तिथे यूयूआयडीला ‘ग्विड’ म्हणतात) ‘न्यू ग्विड()’ लिहिलं की शून्यं मिळतात. नवा आयडी ‘ग्विड.न्यूग्विड()’ने मिळतो. पहिली ओळ निमूट आत जाते, दुसरी आपटते.

लांबी मोजा

कॉलम टेक्स्ट, कॅर किंवा व्हारकॅर असेल तर ही तपासणी सर्वांत जास्त वेळा कामाला येते. आयडीच्या लांबीवर ग्रुप बाय लावा आणि प्रत्येक लांबीच्या किती ओळी आहेत ते मोजा. निरोगी टेबलात एकच ओळ येते: ३६. बिघडलेल्या टेबलात असं काहीतरी दिसतं:

३६ – बहुतेक सगळ्या ओळी
३२ – काही हजार
३८ – थोड्या
३७ – काही शे

३२ म्हणजे डॅश काढून टाकलेले. ३८ म्हणजे महिरपी कंसासकट आलेले, बहुधा विंडोजकडच्या एखाद्या टूलमधून. ३७ मात्र छळतो, कारण तो डोळ्यांना ३६सारखाच दिसतो. त्याच्या शेवटी स्पेस असते किंवा सीएसव्ही फाइलमधून आलेलं कॅरेज रिटर्न. विंडोजवर तयार झालेली फाइल लिनक्सवर लोड केली आणि आयडी शेवटच्या कॉलममध्ये असला की हे होतंच. लॉगमधून कॉपी करताना ते अदृश्य अक्षर गळून पडतं, म्हणून ‘दिसतो पण सापडत नाही.’

लांबी सारखी असूनही सापडत नसेल तर अक्षरांचं मोठं-लहान रूप बघा. आयफोनच्या स्विफ्टमधला ‘यूयूआयडीस्ट्रिंग’ कॅपिटल अक्षरांत आयडी देतो, जावा आणि कोटलिन लहान अक्षरांत. एसक्यूएल सर्व्हरही कॅपिटलमध्येच दाखवतो. पोस्टग्रेसमध्ये टेक्स्ट कॉलमला ही दोन्ही रूपं वेगळी वाटतात. मायएसक्यूएलच्या नेहमीच्या कोलेशनला (अक्षरांच्या तुलनेच्या नियमांना) ती एकच वाटतात. त्यामुळे मायएसक्यूएलवर वर्षानुवर्षं सुरळीत चाललेलं ॲप पोस्टग्रेसवर नेल्यावर फक्त आयफोनवाल्यांच्याच तक्रारी येऊ लागतात.

यावर उपाय एकच. डेटा ज्या दारातून आत येतो तिथेच ट्रिम, लहान अक्षरं आणि डॅश यांचं एक रूप ठरवा. पोस्टग्रेसचा खरा यूयूआयडी टाइप हे स्वतःच करतो: कॅपिटल, कंसातला, बिनडॅशचा, कसाही घेतो आणि एकाच रूपात परत देतो. शेवटी फालतू अक्षर असलं तर मात्र तो एरर देतो, आणि त्याने तसंच करायला हवं.

एक्सेल वाटेत असेल तर वेगळा संशय. पूर्ण यूयूआयडी एक्सेलमधून सहसा सुखरूप जातो, कारण डॅशमुळे तो मजकूरच राहतो. पण कुणी ‘सोयीसाठी’ पहिली आठ अक्षरंच ठेवली असतील आणि त्यांत आकड्यांच्या मधोमध एकच ‘ई’ आला, तर एक्सेल ती घातांकातली संख्या समजतं. सोळा किंवा जास्त अंकी आयडीचे पंधराव्यानंतरचे अंक शून्य होतात. फाइल थेट डबल-क्लिक करून उघडू नका. इम्पोर्ट करताना तो कॉलम टेक्स्ट म्हणून निवडा.

डुप्लिकेटचा नमुना ओळखा

‘डुप्लिकेट येतात’ एवढ्यावर पुढे जाऊ नका. युनिक इंडेक्स नसलेल्या टेबलात किंवा एरर लॉगमध्ये आयडीप्रमाणे ग्रुप करा आणि कुठला आयडी किती वेळा आलाय ते पाहा. कारण त्या आकड्यांतच असतं.

*एकच आयडी शेकडो वेळा.* आयडी बनवणारं फंक्शन एकदाच चाललंय आणि त्याचं उत्तर सगळ्यांना वाटलं गेलंय. पायथॉनमध्ये डिफॉल्ट देताना ‘यूयूआयडी४’च्या पुढे कंस टाकला की हे होतं. कंसासकट लिहिलं तर फंक्शन मॉडेल लोड होताना एकदाच चालतं, कंसाशिवाय दिलं तर प्रत्येक ओळीला. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर एक रेकॉर्ड आत जातो आणि पुन्हा एरर सुरू होते, ही त्याची खूण.

याचा डेटाबेसमधला भाऊ म्हणजे अपडेटमध्ये कंसात लिहिलेली सबक्वेरी. पोस्टग्रेसमध्ये ‘सेट आयडी = (सिलेक्ट जेन_रँडम_यूयूआयडी())’ असं लिहिलं तर बाहेरच्या ओळीशी संबंध नसलेली ती सबक्वेरी एकदाच चालते आणि सगळ्या ओळींना एकच आयडी मिळतो. ‘सिलेक्ट’ आणि बाहेरचा कंस काढून फंक्शन थेट लिहा, प्रत्येक ओळीला नवा मिळेल.

जँगोत (पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये) भरलेल्या टेबलाला नवा युनिक यूयूआयडी कॉलम जोडतानाही हेच घडतं, डिफॉल्ट बरोबर लिहिला असला तरी. मायग्रेशन डिफॉल्ट एकदाच काढून सगळ्या जुन्या ओळींना देतं. तिथे तीन टप्पे करावे लागतात: आधी कॉलम नल चालेल असा जोडायचा, मग प्रत्येक ओळीत वेगळा आयडी भरायचा, आणि शेवटी युनिकची अट लावायची.

*बरेच आयडी, प्रत्येक दोनदा, आणि दोन्ही ओळींतला मजकूर तोच.* इथे फाइल दोनदा इम्पोर्ट झालीय किंवा मोबाइल ॲपने नेटवर्क तुटल्यावर तीच विनंती पुन्हा पाठवलीय. दुसऱ्या बाबतीत एरर आली हे उत्तमच. ॲपने आयडी आधीच ठरवलाय म्हणूनच ऑर्डर दोनदा पडली नाही. पोस्टग्रेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ लावा आणि ॲपला ‘झालंय’ असं उत्तर द्या. यावर उपाय म्हणून सर्व्हरवर दरवेळी नवा आयडी बनवू लागलात, तर एरर जाईल आणि डबल ऑर्डरी सुरू होतील. मला विचाराल तर या अख्ख्या विषयातला सर्वांत महाग ‘फिक्स’ हाच.

*थोडेसेच आयडी, विखुरलेले, आणि ओळींचा मजकूर पूर्ण वेगळा.* आता मात्र जनरेटरवर, म्हणजे आयडी बनवणाऱ्या कोडवर, संशय घ्या.

जनरेटर तपासा

कोडमध्ये आयडी नेमका कुठे तयार होतो, ती ओळ शोधा. अनेकदा एकाहून जास्त जागा सापडतात.

कापलेला आयडी सर्वांत आधी बघा. पहिली आठ हेक्स अक्षरं म्हणजे ३२ बिट. तिथे टक्करीची शक्यता ५० टक्क्यांवर जायला सुमारे ७७ हजार रेकॉर्ड पुरतात. टेस्टिंगमध्ये पाचशे ओळींवर हे कधीच दिसत नाही, म्हणून सगळे बेफिकीर असतात. छोटा आयडी माणसांना वाचायला हवा असेल तर तो वेगळ्या कॉलमात क्रमांक म्हणून ठेवा. यूयूआयडीचा तुकडा पाडू नका.

पीएचपीत ‘युनिकआयडी()’ म्हणून लिहिलेलं काहीही दिसलं की त्याच्या आत डोकवा. पीएचपीचं अंगचं फंक्शन, ज्याच्या इंग्रजी नावात ‘यूनिक’मधली शेवटची ‘यूई’ गाळलेली असते (uniqid), मायक्रोसेकंदाच्या वेळेवरून १३ अक्षरं देतं. त्यात रँडम काही नसतं. ‘एमटी_रँड’ वापरून हाताने जोडलेला यूयूआयडी दिसायला अस्सल असतो, आवृत्तीचा ४ही जागेवर असतो, पण त्याचं सीड, म्हणजे रँडम आकडे जिथून सुरू होतात ती संख्या, ३२ बिटांचं. म्हणजे १२२ बिटांचा थाट आणि मागे जेमतेम ४२९ कोटी सुरुवाती. प्रत्येक विनंतीला नव्याने सीड होत असेल तर गणित परत ७७ हजारांवरच येतं. ‘रँडम_बाइट्स(१६)’ वापरा किंवा नावाजलेली लायब्ररी.

ब्राउझरमध्ये ‘क्रिप्टो.रँडमयूयूआयडी()’ फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर मिळतं. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर १९२.१६८ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर साध्या एचटीटीपीने ॲप उघडलं की ते फंक्शन गायब. मग कुणीतरी ‘मॅथ.रँडम’चा पर्याय चिकटवतं आणि तो प्रॉडक्शनपर्यंत जातो. ‘क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज’ मात्र साध्या एचटीटीपीवरही चालतं. पर्याय लिहायचाच तर त्याच्यावर लिहा.

आयडी ६४ बिटांच्या पूर्णांकाचा असेल (स्नोफ्लेक पद्धतीचा, म्हणजे वेळ आणि मशीनवरून बनवलेला आकडा), तर जावास्क्रिप्ट ९००७१९९२५४७४०९९१च्या पुढचे आकडे बिनचूक धरत नाही. शेवटचे दोन-तीन अंक बदललेले दिसले की जेसनमध्ये तो आयडी स्ट्रिंग म्हणून पाठवा.

कॉलमचा टाइप आणि क्वेरी

‘यूयूआयडी = कॅरेक्टर व्हेरिइंग’वाली एरर पोस्टग्रेस देतं, कारण कॉलम यूयूआयडी आहे आणि ॲपने स्ट्रिंग पाठवलीय. घाईत लोक कॉलमलाच टेक्स्टमध्ये कास्ट करतात, म्हणजे त्याचा टाइप बदलून वाचतात. एरर थांबते, पण आयडीवरचा इंडेक्स आता वापरात राहत नाही आणि प्रत्येक शोधाला पूर्ण टेबल चाळलं जातं. कास्ट करायचाच तर पाठवलेल्या व्हॅल्यूला करा. जावात ‘सेटऑब्जेक्ट’ला खरा यूयूआयडी ऑब्जेक्ट द्या. खात्री करायला क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लावा. मोठ्या टेबलावर ‘सीक्वेन्शियल स्कॅन’ दिसला तर अजून कुठेतरी कास्ट लपलेला असू शकतो.

मायएसक्यूएलमध्ये बायनरी(१६) कॉलमची तुलना ३६ अक्षरांच्या स्ट्रिंगशी केली तर एररही येत नाही, नुसतं शून्य उत्तर येतं. ‘यूयूआयडी_टू_बिन’मधून व्हॅल्यू घालायची आणि ‘बिन_टू_यूयूआयडी’मधून वाचायची. एसक्यूलाइटमध्ये ब्लॉब आणि टेक्स्ट यांचं असंच आहे, दोघं कधीच बरोबर ठरत नाहीत.

जँगो ५.०वर गेल्यावर मारियाडीबी १०.७ किंवा पुढच्या आवृत्तीवर जुने आयडी सापडेनासे झाले, तर कारण रिलीज नोट्समध्येच आहे. आधी ३२ अक्षरांचा कॅर कॉलम असायचा, आता खरा यूयूआयडी टाइप अपेक्षित आहे.

बाइटचा क्रम

दोन सिस्टिममध्ये आयडी असा दिसतोय का पाहा:

००११२२३३-४४५५-४६७७-८८९९-००११२२३३४४५५
३३२२११००-५५४४-७७४६-८८९९-००११२२३३४४५५

शेवटचे दोन गट जसेच्या तसे, पहिल्या तीन गटांत बाइट उलटे. हा डॉटनेट आणि एसक्यूएल सर्व्हर यांच्या साठवणीचा क्रम. आयडी बाइट म्हणून बाहेर पाठवला आणि दुसऱ्या भाषेने सरळ वाचला की असं होतं. आवृत्तीचा ४ जागेवरून हललेला दिसतो, म्हणून पहिली तपासणी इथे पुन्हा कामी येते. मॉंगोडीबीत जुने यूयूआयडी बायनरीच्या ३ क्रमांकाच्या उपप्रकारात ठेवलेले असतात आणि जावा, सी-शार्प, पायथॉन यांचे जुने ड्रायव्हर ते वेगवेगळ्या क्रमाने लिहीत. नवा उपप्रकार ४ आहे.

मायएसक्यूएलमध्ये आवृत्तीचा अंक पहिल्याच जागी येऊन बसला असेल, तर ‘यूयूआयडी_टू_बिन’ला दुसरा पॅरामीटर १ दिलाय आणि वाचताना तो विसरलाय. हा पॅरामीटर पहिल्या आवृत्तीच्या आयडीतली वेळ पुढे आणण्यासाठी आहे. चौथ्या आवृत्तीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

क्रम चुकलाय हे कळल्यावर अर्ध्या टेबलावर दुरुस्तीची स्क्रिप्ट चालवू नका. कुठल्या ओळी कुठल्या क्रमात आहेत हे आधी वेगळ्या कॉलमात नोंदवा, नाहीतर बरोबर ओळीही उलटून बसतात.

मंदपणा

हे शेवटी, कारण इथे हात घालणं खर्चाचं. चौथ्या आवृत्तीचे आयडी बी-ट्री इंडेक्समध्ये (क्रमाने लावलेल्या नेहमीच्या इंडेक्समध्ये) कुठेही पडतात. नवी ओळ शेवटच्या पानावर जाण्याऐवजी प्रत्येक वेळी वेगळं पान उघडावं लागतं. इंडेक्स मेमरीत मावतो तोवर काहीच जाणवत नाही, मावेनासा झाला की डिस्क सुरू होते. इनोडीबीत (मायएसक्यूएलच्या साठवणीच्या इंजिनात) क्रमाने भरलेली पानं सुमारे १५/१६ भरतात, रँडम क्रमात ती अर्धी ते १५/१६ यांच्या मध्ये कुठेही राहतात. पोस्टग्रेसमध्ये चेकपॉइंटनंतर (बदललेली पानं डिस्कवर उतरवण्याच्या टप्प्यानंतर) हात लागलेलं प्रत्येक पान पहिल्यांदा पूर्णच्या पूर्ण वॉलमध्ये, म्हणजे बदलांच्या लॉगमध्ये, लिहिलं जातं, म्हणून वॉल फुगतो.

इनोडीबीत आणखी एक भुर्दंड आहे. प्रत्येक दुय्यम इंडेक्स प्रायमरी की सोबत घेऊन फिरतो. कॅर(३६) आणि बायनरी(१६) यांत २० बाइटांचा फरक. प्रायमरी आणि पाच दुय्यम इंडेक्स मिळून ओळीमागे १२० बाइट, म्हणजे १ कोटी ओळींना सुमारे १.२ जीबी नुसते वाया. फॉरेन की असलेली इतर टेबलं यात धरलेली नाहीत.

काही बदलण्याआधी मोजा. पोस्टग्रेसमध्ये ‘पीजीस्टॅटटपल’ एक्स्टेन्शनचं ‘पीजीस्टॅटइंडेक्स’ पानांची सरासरी घनता सांगतं. नव्या इंडेक्सची ९०च्या आसपास असते. ती बरीच खाली असेल तर ‘रीइंडेक्स कॉन्करंटली’ (आवृत्ती १२पासून) चालू टेबलावर करता येतं. पण आयडी तसेच येत राहिले तर हा तात्पुरता उतारा आहे.

कायमचा उपाय सातवी आवृत्ती. मे २०२४च्या आरएफसी ९५६२मध्ये ती आली. पहिले ४८ बिट मिलिसेकंदांतली वेळ, पुढे रँडम. पोस्टग्रेस १८मध्ये ‘यूयूआयडीव्ही७()’ अंगचंच आहे, आधीच्या आवृत्त्यांवर ॲपमध्ये बनवा. जुने आयडी बदलावे लागतील म्हणून लोक उगाच घाबरतात; ते बदलावे लागत नाहीत. त्याच कॉलममध्ये जुने चौथ्याचे आणि नवे सातव्याचे सुखाने नांदतात. फक्त डिफॉल्ट बदला.

दोन ठिकाणी सातवी आवृत्ती लावू नका. पासवर्ड रीसेटच्या लिंकमध्ये नको. तिथे वेगळं रँडम टोकन हवं. आणि रेकॉर्ड कधी तयार झाला हे ग्राहकाला कळू नये असं असेल तिथेही नको. एसक्यूएल सर्व्हर तर ‘युनिकआयडेंटिफायर’ची तुलना शेवटच्या सहा बाइटांपासून सुरू करतो, त्यामुळे सातवी आवृत्ती तिथे क्रमाने लागतच नाही. त्या डेटाबेसमध्ये डिफॉल्ट म्हणून ‘न्यूसीक्वेन्शियलआयडी()’ आहे, किंवा प्रायमरी की नॉनक्लस्टर्ड (ओळींचा साठवणीचा क्रम न ठरवणारी) ठेवा.

इथे थांबा आणि डीबीएला (डेटाबेस सांभाळणाऱ्या माणसाला) बोलवा

चालू सिस्टिमवर प्रायमरी कीचा टाइप बदलायचा असेल आणि तिच्यावर फॉरेन की असतील, तर स्वतः करू नका. मोठं टेबल तासन्‌तास लॉक होऊ शकतं आणि अर्ध्यात तुटलं तर परतीचा रस्ता बॅकअपमधूनच असतो. बॅकअप प्रत्यक्ष रीस्टोर करून पाहिलेला नसेल, तर वरची कुठलीही डेटा बदलणारी पायरीसुद्धा करू नका.

रेप्लिकावर (मुख्य डेटाबेसच्या सतत जुळवून ठेवलेल्या प्रतीवर) आणि मुख्य सर्व्हरवर त्याच ओळीचे आयडी वेगळे दिसले तर ताबडतोब थांबा. मायएसक्यूएलमध्ये स्टेटमेंट पद्धतीच्या रेप्लिकेशनबरोबर (तीच क्वेरी प्रतीवर पुन्हा चालवण्याच्या पद्धतीबरोबर) यूयूआयडी() वापरल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि कुठली बाजू खरी हे अंदाजाने ठरवायचं नसतं. पैशांच्या किंवा रुग्णांच्या नोंदी एका आयडीखाली मिसळल्या असतील तर डीबीएबरोबर त्या कामाची जबाबदारी असलेल्या माणसालाही बसवा. कच्चा जनरेटर लॉगिन किंवा रीसेट टोकनसाठीही वापरलेला सापडला, तर प्रश्न सुरक्षेच्या माणसाकडे जातो, आणि जुनी टोकनं त्याच दिवशी रद्द करावी लागतात.

फोन करताना हातात एवढं ठेवा: डेटाबेसचं नाव आणि नेमकी आवृत्ती, टेबलाची रचना, लांबीप्रमाणे आणि डुप्लिकेटप्रमाणे काढलेले आकडे, आयडी तयार करणारी कोडची ओळ, बिघडलेल्या दहा ओळी जशाच्या तशा, आणि शेवटचा रीस्टोर करून पाहिलेला बॅकअप कुठल्या तारखेचा आहे ते.